पाच वर्षं सिलोनची

ऑक्टोबर १९५२मध्ये 'बैजू बावरा' लागला. नौशादनी त्यात तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ आणि बैजूसाठी द. वि. पलुसकर यांना समोरासमोर बसवून गायला लावलं होतं. विष्णु दिगंबरांचा मुलगा आणि इंदूरचे खाँसाहेब, तेही एका बोलपटात! मालकंस, दरबारी, भैरवी थेट पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोचले. ज्यांनी रागाचं नावही ऐकलं नव्हतं, ते रफीची दरबारीतली आळवणी गुणगुणत थिएटरातून बाहेर पडत होते. आणि नेमक्या त्याच वर्षी, सिनेमातली गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असं ठरवून दिल्लीनं त्यांना सरकारी रेडिओवरून हळूहळू हद्दपार केलं.

हा निर्णय घेणारा मंत्री पुण्याचा होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्म १९०३. शिक्षण काशी विद्यापीठात, पुढे पॅरिसची डॉक्टरेट. काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाचं काम केलेले आणि स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झालेले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती आणि नभोवाणी खातं सोपवलं, ते १९६२पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. केसकर स्वतः शास्त्रीय गाणं शिकलेले होते, म्हणजे हा काही गाण्याचं वावडं असलेला माणूस नव्हता. उलट गाण्याविषयी त्यांची मतं फारच ठाम होती, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. भारतीय संगीत मुळात भक्तीचं आणि साधनेचं. मधल्या राजवटींत ते दरबारात आणि कोठ्यांवर गेलं, शृंगारी झालं. इंग्रजांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता आपलं सरकार आलंय, तर आपल्या सरकारनं ते सावरायचं. या मांडणीतला इतिहास एकारलेला आहे. ज्या मुसलमान घराण्यांनी ख्याल आणि ध्रुपद पिढ्यान्‌पिढ्या जपलं, त्यांना यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. पण त्या काळी असं बोलणारे केसकर एकटे नव्हते. त्यांच्याही आधी, सरदार पटेलांकडे हे खातं असताना, ज्यांच्या खासगी आयुष्याची लोकांत चर्चा आहे अशा गायिकांना रेडिओची दारं बंद झाली होती. पेटीला तर १९४०पासूनच मज्जाव होता. ती बंदी इंग्रज अमदानीतली, श्रुती नीट लागत नाहीत या कारणावरून आलेली. केसकरांनी ती तशीच चालू ठेवली. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रातला मंत्री पेटीला रेडिओच्या उंबऱ्याबाहेर ठेवतो, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं असणार.

रेडिओ हातात असणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाच्या वाट्याला सहा केंद्रं आणि पावणेतीन लाखांच्या आसपास रेडिओ आले. खासगी केंद्राला परवानगी नव्हती. जाहिरातींनाही नव्हती. पोस्टात जाऊन परवाना काढायचा, वर्षाची फी भरायची आणि सरकार वाजवील ते ऐकायचं. सरकार जे वाजवत होतं त्यात सिनेमाची गाणी पुष्कळ होती, कारण श्रोत्यांची फर्माईश तीच असे आणि रेकॉर्डी तयार मिळत. गाणारा बोलवा, साजिंदे जमवा, वाद्यं लावा ही दगदग नाही.

केसकरांना जे खुपत होतं त्याचा नमुना म्हणून १९५१चा 'अलबेला' घ्यावा. नायक आणि दिग्दर्शक भगवान पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. हे चितळकर विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले, म्हणजे पुन्हा विष्णु दिगंबरांचीच परंपरा. पण त्यांच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची, ते ट्रम्पेट फुंकत होते आणि 'अलबेला'मध्ये आपल्या बँडसह पडद्यावरही दिसले. बोंगो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि वर भगवानची ती सैल, कंबर हलवणारी चाल. गल्लीतल्या पोरांना ती एका रात्रीत पाठ झाली. दिल्लीतल्या सोवळ्या कानांना मात्र हा धिंगाणा वाटला.

या भांडणाला मराठी घरातल्या भाऊबंदकीची छटा आहे, असं मला नेहमी वाटतं. एकाच संगीत परंपरेच्या अंगणात वाढलेली दोन माणसं. त्यातल्या एकाला अंगणाला कुंपण घालायचं होतं, दुसऱ्याला शेजारच्या बँडवाल्यालाही आत बोलवायचं होतं.

केसकरांनी थेट बंदीचा हुकूम काढला नाही, हे पुष्कळदा विसरलं जातं. आधी सिनेमाच्या गाण्यांची वेळ कापून एकूण प्रसारणाच्या दहा टक्क्यांवर आणली. प्रत्येक गाणं लावण्याआधी ऐकून, पारखून घ्यायचं ठरलं. आणि तिसरी अट अशी, की निवेदकानं सिनेमाचं नाव घ्यायचं नाही. सिनेमाचं नाव म्हणजे फुकटची जाहिरात, आणि जाहिरात तर रेडिओवर चालत नाही. नाव घ्यायचं ते फक्त गाणाऱ्याचं.

निर्मात्यांचं पित्त खवळलं ते या तिसऱ्या अटीनं. गाण्याच्या प्रसारणाचे हक्क त्यांचे होते. आकाशवाणीला ते परवानगी देत, कारण गाणं वाजलं की लोक सिनेमाला जातात. नावच घ्यायचं नसेल तर परवानगी द्यायची कशाला? निर्मात्यांच्या गिल्डनं परवानग्या काढून घेतल्या. केसकर मागे हटले नाहीत. दहा टक्केही गेले, आणि तीनेक महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ नाहीसं झालं.

या अटीत एक गंमत दडलेली आहे. तीनच वर्षांपूर्वी, १९४९च्या 'महल'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं कामिनी, म्हणजे मधुबालानं केलेल्या पात्राचं. गळा लता मंगेशकरांचा होता. पार्श्वगायकाचं नाव रेकॉर्डवर यावं, पडद्यावर यावं यासाठी गायकांना झगडावं लागत होतं. आणि इथे सिनेसंगीताचा सगळ्यात कडवा विरोधक मंत्री सांगत होता, की सिनेमाचं नाव गाळा, गाणाऱ्याचं घ्या. गायकांचं भलं करणं त्याच्या मनातही नव्हतं. तरी गाणं सिनेमापासून सुटं काढून गळ्याच्या नावानं ओळखायचं, ही कल्पना सरकारी कागदावर अशी उलट्या वाटेनं आली.

मोकळी झालेली वेळ भरून काढायची होती. त्या वर्षांत केसकरांनी जे उभं केलं ते खरोखर मोठं आहे. जुलै १९५२मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रात्री सगळी केंद्रं एकत्र जोडून एकाच कलावंताची मैफल देशभर ऐकवली जाऊ लागली. रविशंकर यांच्याकडे वाद्यवृंद सोपवला गेला. कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी ठरवण्याची पद्धत आली. थोर थोर उस्तादांनी परीक्षेला बसायचं म्हणून तिच्यावर बोंबही पुष्कळ झाली. संस्थानं बुडाली होती, राजाश्रय संपला होता. अशा काळात शेकडो गवई-वादकांच्या घरची चूल रेडिओच्या मानधनावर पेटली, हे नाकारता येणार नाही.

सिनेगीताला पर्याय म्हणून सुगम संगीताचे विभागही निघाले. कवींकडून गीतं घ्यायची, केंद्रावरच चाली लावायच्या. त्यातलं बहुतेक पिठूळ आणि बेचव होतं, आज कोणाला आठवतही नाही. पण पुण्याचं केंद्र १९५३मध्ये गांधीजयंतीला सुरू झालं आणि दीड वर्षात तिथून 'गीतरामायण' आलं. केंद्रावरचे सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांच्या मागे लकडा लावला, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या, आणि १९५५च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं प्रसारित झाली. घराघरांत रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत. केसकरांना हवं होतं ते अगदी हेच. फक्त ते करून दाखवणारे दोघेही सिनेमातले होते. माडगूळकर पटकथा आणि गाणी लिहीत होते, फडके चित्रपटांना संगीत देत होते. ज्या कारखान्याचा माल रेडिओला नको होता, त्याच कारखान्याच्या कारागिरांनी रेडिओला त्याचा सर्वोत्तम कार्यक्रम दिला.

पण रामायण संपलं की लोक काय करत? सुई फिरवत, सिलोनकडे.

दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडनं कोलंबोत एक दांडगं लघुलहरी केंद्र उभारलं होतं, सैनिकांच्या करमणुकीसाठी आणि प्रचारासाठी. युद्ध संपल्यावर ते सिलोन सरकारच्या हाती आलं. एवढ्या ताकदीच्या यंत्राचं करायचं काय? सिलोननं १९५०मध्ये व्यापारी विभाग काढला आणि क्लिफर्ड डॉड नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस तो चालवू लागला. मुंबईतल्या साबण, टूथपेस्ट, चहा, डोकेदुखीच्या गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांना आकाशवाणीवर जाहिरात करता येत नव्हती. श्रोत्याला आकाशवाणीवर गाणी मिळत नव्हती. या दोन्ही गरजा कोलंबोच्या एकाच दारात भेटल्या. केसकरांच्या धोरणाची कोंडी नेमकी इथे होती. गाणी बंद करणं त्यांच्या हातात होतं, लघुलहरी अडवणं नव्हतं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याचं केंद्रही हिंदी गाणी वाजवून याच गर्दीतला आपला वाटा उचलत होतं.

कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे, टेपा विमानानं कोलंबोला जायच्या, आणि तिथून समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईच्याच चाळीत उतरायच्या. बलराज दत्त नावाचा पंजाबी तरुण त्यासाठी नट-नट्यांच्या मुलाखती घेत असे. पुढे तो सुनील दत्त झाला. निर्मितीची मुंबईकडची सूत्रं होती हमीद सयानी यांच्याकडे. बिनाका टूथपेस्टच्या सिबा कंपनीला इंग्रजी हिट परेडसारखा कार्यक्रम हिंदीत हवा होता. कार्यक्रम लिहायचा, सादर करायचा, शिवाय येणारी पत्रं तपासायची, आणि हे सगळं आठवड्याला पंचवीस रुपयांत. अनुभवी माणूस मिळेना, तेव्हा हमीदनी हे काम धाकट्या भावाच्या गळ्यात घातलं. अमीनला वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

या अमीनला आकाशवाणीनं निवेदक म्हणून नाकारलं होतं. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे म्हणून, असं तो पुढे हसत सांगायचा. पण त्याच्या भाषेची तालीम दुसरीकडे झाली होती. आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत. नागरी, उर्दू, गुजराती अशा तीन लिप्यांत, पण भाषा एकच, गांधीजींच्या पसंतीची सोपी हिंदुस्थानी. पोरगा त्या कामात हात लावत वाढला. त्या दिवसांत आकाशवाणीच्या बातम्यांची हिंदी इतकी संस्कृतप्रचुर होत चालली होती, की हिंदी प्रदेशातले लोकही कुरकुरत. सयानी मात्र शेजारच्या ओट्यावर बसल्यासारखा बोलायचा.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. 'बिनाका गीतमाला'चा पहिला भाग प्रसारित झाला. सात गाणी, ती श्रोत्यांनी क्रमानं लावायची, बरोबर उत्तराला शंभर रुपयांचं बक्षीस. चाळीस-पन्नास पत्रं येतील अशी अपेक्षा होती. नऊ हजार आली. वर्षभरात आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, आणि एवढी पत्रं तपासणं माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्यावर स्पर्धा सोडून गाण्यांची क्रमवारीच द्यायचं ठरलं. क्रमवारीसाठी रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं घेतली जाऊ लागली. गाणं अमुक 'पायदान'वर चढलं, तमुक खाली घसरलं, ही सयानीची भाषा नाक्यानाक्यावरची झाली. तेव्हाच्या बिहारमधलं झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं आडगाव फर्माइशी पाठवून पाठवून देशभर गाजलं. असं गाव खरंच आहे का, अशी पैज लावणारे लोक तेव्हा होते.

ऐकणं सोपं नव्हतं. व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला वेळ घ्यायचा, म्हणून बुधवारी रात्री आठच्या आधीच तो लावून ठेवायचा. भिंतीला किंवा गॅलरीत ताणलेली एरियलची जाळीची पट्टी, तिची तार मागे खोचलेली. सुई केसभर सरकली की चिनी नाहीतर अरबी बोलणं मधे घुसे. सिलोन सापडलं तरी आवाज लाटेसारखा चढायचा, उतरायचा. ऐन अंतऱ्याला खरखर. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासभर काढत, नाहीतर पानवाल्याच्या दुकानासमोर उभे राहत. सकाळची जुन्या गाण्यांची वेळ आठला तीन मिनिटं कमी असताना लागणाऱ्या सैगलच्या गाण्यानं संपे. नोकरदारांची घड्याळं त्यावर लागत. सैगल १९४७मध्येच गेला होता. नव्या पिढीनं त्याला ओळखलं ते कोलंबोमुळे. एका पाहणीचा किस्सा तेव्हा सांगितला जायचा, की दहांतले नऊ रेडिओ सिलोनवर लावलेले असतात आणि दहावा बिघडलेला असतो.

त्या पाच वर्षांत दिल्लीच्या रेडिओनं काय काय हुकवलं ते पाहिलं की चुटपुट लागते. 'अनारकली', 'नागिन', 'श्री ४२०', 'आझाद', 'प्यासा'. शिवाय केसकरांनी मानानं लावावं असंही किती तरी. व्ही. शांताराम आणि वसंत देसाई यांच्या १९५५च्या 'झनक झनक पायल बाजे'साठी अमीर खाँ पुन्हा गायले. 'बसंत बहार'मध्ये १९५६ साली भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांचा सामना झाला. कथेनुसार मन्ना डेंना जिंकायचं होतं आणि त्या कल्पनेनंच त्यांची गाळण उडाली होती. शास्त्रीय संगीत जनतेपर्यंत न्यायचं हे केसकरांचं स्वप्न होतं, आणि ते काम सिनेमावाले त्यांच्या डोळ्यांदेखत करत होते. सुवर्णकाळ म्हणून आज ज्याचे गोडवे गातो त्याचा ऐन बहर सरकारी रेडिओच्या दप्तरी जवळजवळ नाहीच.

गीतमालेच्या १९५३च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते 'अनारकली'तलं लताबाईंचं गाणं. चाल सी. रामचंद्रांची. पुणतांब्याच्या चितळकरांनी पुण्याच्या केसकरांना दिलेलं उत्तर, असं म्हणायचा मोह होतो. अर्थात लोकप्रियतेच्या याद्यांवर फार भिस्त ठेवू नये. १९५७मध्ये, 'प्यासा' आणि 'मदर इंडिया'च्या वर्षी, पहिलं आलं 'जनम जनम के फेरे'मधलं एस. एन. त्रिपाठींचं द्वंद्वगीत. गाणं गोड आहे, पण सिनेमा आज कोण पाहतो?

तोवर दिल्लीत हिशेब लक्षात येऊ लागला होता. श्रोता गेला, शिवाय हिंदुस्थानी कंपन्यांचा जाहिरातीचा पैसाही कोलंबोकडे वाहत होता. शेवटी निर्मात्यांशी समझोता झाला आणि ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीनं हलक्याफुलक्या कार्यक्रमांची वेगळी वाहिनी सुरू केली, 'विविध भारती'. ती उभी करायला सरकारनं कोणाला बोलावलं? पंडित नरेंद्र शर्मांना, म्हणजे बॉम्बे टॉकीजसाठी गाणी लिहिणाऱ्या कवीला. उद्‌घाटनाचं गीत त्यांनीच लिहिलं, चाल अनिल विश्वासांची, आवाज मन्ना डेंचा. तिघेही सिनेमातले. ते गीत खास रेडिओसाठी केलेलं होतं, एवढीच काय ती धोरणाची लाज राखली गेली.

विविध भारतीनं निवेदनाची एक नवी शिस्त रुजवली. गायक, गीतकार, संगीतकार आणि सिनेमा, चारही नावं. गीतकाराचं नाव त्यात यावं यासाठी साहिर लुधियानवी भांडले, असं मानलं जातं. मराठी-हिंदी घरांतली एक अख्खी पिढी ही चार नावं ऐकत वाढली. शाळेत न गेलेली बाईसुद्धा शकील-नौशाद, शैलेंद्र-शंकर जयकिशन अशा जोड्या बिनचूक सांगते, ती त्या शिस्तीमुळे. फौजींसाठीची 'जयमाला', 'मनचाहे गीत', 'भूले बिसरे गीत' हे कार्यक्रम दिनक्रमात मुरले. मात्र जाहिरातींना अजून मनाई होती, त्यामुळे प्रायोजक सिलोनलाच चिकटून राहिले आणि बुधवारची रात्र सयानीचीच राहिली.

केसकर १९६२ची निवडणूक हरले. पुढे नॅशनल बुक ट्रस्टचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, संगीतावर पुस्तक लिहिलं. मतं बदलली नाहीत. त्यांची थट्टा करणं सोपं आहे आणि ती भरपूर झालीही. मला त्यांच्या आवडीनिवडीशी भांडण नाही, बेसूर गाण्यांचा उच्छाद तेव्हाही होता. चूक होती ती श्रोत्याला वर्गातलं पोर समजण्याची, बाकावर बसवलं की ऐकेलच असं धरून चालण्याची. दोष एकट्या केसकरांचाही नाही. निर्माते गाण्याकडे निव्वळ जाहिरात म्हणून पाहत होते, नाहीतर दहा टक्क्यांच्या वाट्यात काही चांगली गाणी तरी रेडिओवर टिकली असती.

१ नोव्हेंबर १९६७ला विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या, आणि कोलंबोचं अर्थकारण तिथून ढासळायला लागलं. ट्रान्झिस्टर स्वस्त झाले. जवळच्या केंद्राचा खणखणीत आवाज मिळत असताना खरखरीतलं सिलोन शोधायचं कोणी? जुन्या रेकॉर्डींचा कोलंबोतला साठा मात्र तिथेच राहिला. गीतमाला स्वतः १९८९मध्ये विविध भारतीवर आली आणि पाचेक वर्षं चालली. एव्हाना गाणी ऐकण्यापेक्षा पाहायची सवय लागली होती, आणि 'चित्रहार'च्या वेळेला गल्ल्या ओस पडायच्या.